गाळलेली पायरी

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ विमानांना अखेरचा निरोप दिला गेला, तेव्हा वर्तमानपत्रांची पानेच्या पाने त्या बातमीने भरली होती. १९६३ पासूनची त्यांची सेवा, १९७१ च्या युद्धातला पराक्रम, अपघातांचा हिशेब, जुन्या वैमानिकांचे पाणावलेले डोळे, सगळे छापून आले आणि ते योग्यच झाले. लढाऊ विमानाचे भाग्यच तसे. त्याची चित्रे मुलांच्या खोलीत लागतात, त्याच्यावर चित्रपट निघतात. पण १९७० नंतर मिगमध्ये बसलेल्या बहुतेक वैमानिकांनी त्याआधी ज्या विमानात धडे गिरवले, त्या ‘किरण’बद्दल या गर्दीत दोन ओळीही माझ्या वाचनात आल्या नाहीत. मास्तरांचे नेहमी असेच होते. सत्कार कलेक्टर झालेल्या विद्यार्थ्याचा, शाल-श्रीफळ त्याला, आणि मास्तर व्यासपीठाच्या टोकाला मोडक्या खुर्चीत.

मी स्वतः मास्तरच. सांगलीत पदार्थविज्ञान शिकवण्यात हयात गेली, तेव्हा माझा कल कुणाकडे असणार हे उघड आहे. तरीही आज जे लिहितो आहे ते केवळ मास्तरकीच्या अभिमानातून नाही. मुलांना उडायला शिकवणारे विमान वेळेवर न देणे ही आपल्या देशाची जुनी खोड आहे, आणि तिची किंमत आपल्यासारख्या जिल्ह्यांतल्या घरांनी मोजली आहे.

तुम्ही म्हणाल, बंगलोरात बनलेल्या विमानाचा कृष्णाकाठाशी काय संबंध? संबंध चांगलाच आहे. ज्या कारखान्यात ‘किरण’ जन्मले, तो हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखाना डिसेंबर १९४० मध्ये बंगलोरला काढला सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. आमच्या सांगलीत १९४७ साली न्यू इंजिनिअरिंग कॉलेज म्हणून जे सुरू झाले आणि पुढे ज्याला वालचंद कॉलेज हे नाव मिळाले, ते याच वालचंदांचे नाव. विश्रामबागेतून रोज त्या फाटकावरून जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असते, की या नावाचा माणूस देशाच्या पहिल्या विमान कारखान्याचा जनक होता? साखर आणि जहाजे आठवतात, विमान आठवत नाही.

‘किरण’चा आराखडा ज्यांच्या हाताखाली झाला ते डॉ. विष्णू माधव घाटगे तर आपल्या शेजारचेच. १९०८ साली कोल्हापूर जिल्ह्यात गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपू गावी जन्मले. तिथून निघालेला हा मुलगा जर्मनीत गटिंगेनला पोचला आणि ज्यांना आधुनिक वायुगतिशास्त्राचे जनक म्हणतात त्या लुडविग प्रांटल यांच्याकडे त्याने डॉक्टरेट केली. परत येऊन बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकवले आणि वालचंदांच्या कारखान्यात आराखड्याचे काम हाती घेतले. हेही मास्तरच! त्यांनी आधी ‘एचटी-२’ हे पंख्याचे प्रशिक्षण विमान केले. ५ ऑगस्ट १९५१ रोजी ते पहिल्यांदा उडाले. आपल्या माणसांनी आखलेले आणि बांधलेले ते विमान पुढे कैक वर्षे हवाई दलाच्या छात्रांचा पहिलीचा वर्ग झाले, घाना देशानेही ते घेतले. ‘किरण’ हा घाटग्यांचा पुढचा इयत्तेचा वर्ग. हा क्रम ध्यानात ठेवावा, कारण पुढे मला त्याच्यावरच बोट ठेवायचे आहे.

तिसरा धागा देवराष्ट्रेचा. आज सांगली जिल्ह्यात असलेल्या, पण यशवंतरावांच्या जन्मावेळी सातारा जिल्ह्यात असलेल्या या गावाचा मुलगा नोव्हेंबर १९६२ मध्ये देशाचा संरक्षणमंत्री झाला. ४ सप्टेंबर १९६४ रोजी विंग कमांडर सुरंजन दास यांनी ‘किरण’ पहिल्यांदा आकाशात नेले, तेव्हा संरक्षण खाते यशवंतराव चव्हाणांकडे होते. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला विमाननिर्मितीचे सरकारी कारखाने एकत्र करून आजची हिंदुस्तान एरोनॉटिक्स कंपनी उभी राहिली आणि नाशिकजवळ ओझरला मिग बांधणीचा पाया पडला तोही त्याच काळात. यशवंतराव मुख्यमंत्री असताना, २३ जून १९६१ रोजी, देशातले पहिले सैनिक स्कूल साताऱ्यात सुरू झाले होते. ‘किरण’च्या आराखड्याचे कामही १९६१ मध्येच जोराने सुरू झाले. एकीकडे विमान आकाराला येत होते आणि दुसरीकडे ते चालवणारी मुले अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी कवायत करत होती. या शाळेचे एक विद्यार्थी प्रदीप वसंत नाईक १९६९ साली हवाई दलात गेले आणि २००९ ते २०११ या काळात हवाई दलप्रमुख झाले.

आता त्या विमानाकडे येऊ. ‘किरण’ दिसायला काही देखणे नाही. नाक बोथट, अंग आखूड, पंख सरळ. ब्रिटिश बनावटीचे ‘वायपर’ इंजिन, त्याचा रेटा अकराशे किलोच्या आसपास. लढाऊ विमानाच्या मानाने हा जीव लहानच. पण त्याची खरी खुबी आत आहे. त्यात गुरू आणि शिष्य एकमेकांशेजारी बसतात. पुष्कळ प्रशिक्षण विमानांत छात्र पुढे आणि प्रशिक्षक मागे असतो, आवाज तेवढा कानात येतो. ‘किरण’मध्ये मास्तरांचा हात दिसतो, भुवई दिसते. शिकवणाऱ्या कुठल्याही माणसाला याचे मोल सांगावे लागणार नाही. शिवाय उंचावर श्वास घेता यावा म्हणून हवेचा दाब राखणारी केबिन आणि संकटात माणसाला बाहेर फेकणारी खुर्ची या दोन्ही गोष्टी त्यात पहिल्यापासून होत्या.

काम सुरळीत झाले असे मात्र नाही. त्याच सुमारास जर्मन आराखडाकार कुर्ट टँक यांच्या देखरेखीखाली ‘मारुत’ हे लढाऊ विमान होत होते. माणसे आणि यंत्रे आधी तिकडे जात. थोरल्याच्या लग्नात धाकट्याच्या फीचे पैसे जावेत तसा प्रकार. त्यामुळे पहिल्या उड्डाणानंतर हवाई दलाच्या हाती पहिली विमाने पडायला मार्च १९६८ उजाडले. एकदा आले ते मात्र टिकले. जुन्या ‘व्हँपायर’ विमानांची जागा त्याने घेतली, हैदराबादजवळ हकीमपेठ आणि दुंडिगलला पिढ्यानपिढ्या छात्र त्यावर तयार झाले. पुढे ‘नॅट’मधले ऑर्फियस इंजिन बसवून त्याची दुसरी, दणकट आवृत्ती निघाली. तिचे पहिले उड्डाण १९७६ चे, आणि अशी ६१ विमाने बांधली गेली. १९९६ साली बिदरला ‘सूर्यकिरण’ हा कसरतपटूंचा चमू स्थापन झाला तो याच दुसऱ्या आवृत्तीवर. नऊ विमाने पंखाला पंख लावून जाताना ज्यांनी पाहिली असतील, त्यांनी ‘किरण’ला नकळत टाळ्या दिल्या आहेत. तेवढ्याच काय त्या त्याच्या वाट्याला आल्या.

माझा एक विद्यार्थी खानापूर तालुक्यातला. जिरायती जमीन, वडील दुसऱ्याच्या द्राक्षबागेत छाटणीला जाणारे. मुलगा साताऱ्याच्या सैनिक स्कूलमध्ये लागला, तिथून प्रबोधिनी, तिथून हवाई दल. सुटीत आला की घरी येई. ‘किरण’वर असताना त्याने मला गिरकीबद्दल सांगितले होते. विमानाचा वेग फार कमी झाला की पंखाची उचल संपते. एका पंखाची आधी संपली तर विमान भिंगरीसारखे गरगरत खाली येऊ लागते. इंजिनाचा जोर कमी करायचा, गिरकीच्या उलट बाजूला सुकाणू पूर्ण दाबायचे, दांडा पुढे न्यायचा, आणि मग वाट पाहायची. “ती वाट पाहणंच शिकवतात, सर,” तो म्हणाला. “जमीन फिरत वर येत असते आणि शेजारी मास्तर हात मांडीवर ठेवून गप्प बसलेले असतात. ते घाबरले नाहीत म्हणून आपण घाबरत नाही.” चाळीस वर्षे फळ्यापुढे उभा राहून मला अध्यापनाची यापेक्षा चांगली व्याख्या करता आलेली नाही.

त्याचे वडील एकदा बाजाराच्या दिवशी भेटले. पोराचा फोटो खिशात होता. थोडा वेळ पिकापाण्याचे बोलले आणि मग विचारले, “सर, मोठ्या इमानाचं ऱ्हाऊ द्या. ह्यास्नी शिकवायला जे इमान देत्यात, ते धड असतंय का?” मी ‘किरण’बद्दल माहीत होते ते सांगितले आणि ते समाधानाने गेले. पण प्रश्नाचा दुसरा भाग त्यांनी विचारला नव्हता, आणि तोच अवघड होता. ‘किरण’नंतर काय?

‘किरण’नंतर त्या काळी थेट मिग-२१ होते. ताशी सातशे किलोमीटरच्या आत धावणाऱ्या गरीब गाईसारख्या विमानावरून उतरायचे आणि आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणाऱ्या, उतरतानासुद्धा ताशी तीनशेच्या वर असणाऱ्या घोड्यावर चढायचे. मध्ये पोलंडकडून घेतलेली ‘इस्क्रा’ विमाने होती, पण तीही ‘किरण’च्याच इयत्तेतली. सातवीच्या मुलाला जूनमध्ये बारावीच्या वर्गात बसवले आणि ऑक्टोबरात तो नापास झाला, तर आपण मुलाला दोष देऊ का? इथे नापास होणारा मुलगा घरी परत येत नाही.

ही मधली पायरी हवी असे सांगणारा कुणी नव्हता असेही नाही. एअर मार्शल ला फाँटेन यांच्या समितीने १९८२ सालीच प्रगत जेट प्रशिक्षण विमान घ्या म्हणून सांगितले होते. ब्रिटिशांचे ‘हॉक’ की फ्रेंच-जर्मन ‘अल्फा जेट’, यावर खल सुरू झाला. किमतीची घासाघीस झाली, सरकारे बदलली, आणि बोफोर्सनंतर परदेशी शस्त्रखरेदीच्या फायलीवर सही करायला कुणाचा हात धजेना. ‘हॉक’चा करार झाला तो मार्च २००४ मध्ये, ६६ विमानांचा. पहिली विमाने बिदरला दाखल झाली फेब्रुवारी २००८ मध्ये. १९८२ ते २००८ म्हणजे सव्वीस वर्षे. शिफारस झाली तेव्हा जन्मलेले मूल तोवर स्वतः लढाऊ वैमानिक होऊन स्क्वाड्रनमध्ये रुजू झाले असते.

मे २०१२ मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेला आकडे दिले. ताफ्यात आलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत सापडली आणि १७१ वैमानिक गेले. यातले सगळे अपघात मधल्या पायरीअभावी झाले असे म्हणणे खोटेपणाचे होईल. इंजिने बंद पडली, पक्षी धडकले, सुट्या भागांची रड होती, विमाने म्हातारी झाली होती. पण अनुभवी हाताने सावरले असते असे प्रसंग कोवळ्या हातांवर आले, हे नाकारणेही तितकेच खोटे. आणि अपघातानंतर ‘मानवी चूक’ हे दोन शब्द लिहिले की फाईल मिटते, ही सोय आपल्याला फार आवडते. चूक मानवीच असते, हे खरे. प्रश्न एवढाच, की ती कोणत्या मानवाची? दांडा धरणाऱ्याची, की सव्वीस वर्षे फाईल दाबून बसलेल्याची?

हा प्रश्न मराठी घरांत पोचवला तो पुण्याच्या गाडगीळ कुटुंबाने. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ १७ सप्टेंबर २००१ रोजी सुरतगडला रात्रीच्या उड्डाणात मिग-२१ कोसळून गेला. दोष त्याच्यावर ठेवला गेला. वडील विंग कमांडर अनिल गाडगीळ स्वतः हवाई दलातले, त्यांना आणि कविताताईंना ते पटले नाही, आणि त्या माउलीने जाहीरपणे लिहायला, विचारायला सुरुवात केली. अशाने दलाचे मनोधैर्य खचते, असे तेव्हा तिला ऐकवले गेले. माझे मत याच्या उलट आहे. पोराच्या हाती दिलेल्या विमानाची चौकशी आईने करू नये, असे जिथे म्हटले जाते तिथे मनोधैर्य खचते. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावले आणि तरी तिथली मुले भरती व्हायची थांबली नाहीत. आपल्या भागातली माणसे मरणाला भिणारी नाहीत. म्हणूनच त्यांना फुकट मरू न देण्याची जबाबदारी इतरांवर जास्त येते.

‘हॉक’ आले आणि वरची पायरी बसली, तेवढ्यात खालची निखळली. अगदी पहिल्या धड्यांसाठीची ‘एचपीटी-३२’ विमाने अपघातांमुळे जुलै २००९ मध्ये जमिनीवर बसवावी लागली. आता नव्या छात्रांना शिकवायचे कशावर? पुन्हा ‘किरण’! पहिलीच्या मुलांनाही सातवीच्या मास्तरांनीच शिकवायचे. विमाने कमी पडू लागली म्हणून फेब्रुवारी २०११ मध्ये ‘सूर्यकिरण’च्या कसरती बंद करून ती विमाने वर्गावर पाठवण्यात आली. पुढे तो चमू ‘हॉक’वर पुन्हा उभा राहिला, पण त्या वेळी चांगल्या घरातली चांदीची भांडी रोजच्या चुलीवर चढवावी तशी आपली गत झाली होती. स्वित्झर्लंडची ‘पिलाटस’ विमाने २०१३ साली आली तेव्हा कुठे श्वास मिळाला.

आणि ‘किरण’ची जागा घेणारे विमान? ते करायचे १९९९ साली ठरले. नाव ‘सितारा’, पहिले उड्डाण ७ मार्च २००३. सुरुवात झकास झाली. मग मध्येच इंजिन बदलायचे ठरले, फ्रेंच काढून रशियन बसवायचे, आणि ते नवे इंजिन यायलाच काही वर्षे गेली. २००७ आणि २००९ साली दोन अपघात झाले, २०११ मध्ये एक नमुना कोसळला. सगळ्यांत मोठा अडसर आला तो गिरकीचा. माझ्या विद्यार्थ्याला ‘किरण’ने जी गिरकी शिकवली, तीतून हे नवे विमान नीट बाहेर येईना. जे स्वतः सावरत नाही ते दुसऱ्याला सावरायला कसे शिकवणार? शेपटाची आणि सुकाणूची मांडणी बदलावी लागली, गिरकीच्या चाचण्या २०२२ पर्यंत चालल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याचे नाव बदलून ‘यशस’ ठेवले गेले, तोवर हवाई दलाच्या एकाही छात्राने त्यावर धडा गिरवला नव्हता. आणि १ जून २०२३ रोजी कर्नाटकात चामराजनगर जिल्ह्यात एक प्रशिक्षण विमान पडले, दोघेही वैमानिक सुखरूप बाहेर आले, ते विमान होते ‘किरण’. साठीला टेकलेला मास्तर तेव्हाही रजेविना वर्गावर होता.

असे का झाले, याची कारणे सांगताना लोक सरकारी कारखान्याला शिव्या देऊन मोकळे होतात. मला ते पुरेसे वाटत नाही. घाटग्यांनी आधी ‘एचटी-२’ केले, त्यावर शिकलेल्या हातांनी ‘किरण’ केले. आराखडाकारांनाही पायऱ्या लागतात. ‘किरण’चे काम १९६१ चे आणि ‘सितारा’चा निर्णय १९९९ चा. मधल्या अडतीस वर्षांत कोऱ्या कागदावरून नवे जेट प्रशिक्षण विमान आखण्याचे काम आपण हवाई दलासाठी कुणाला दिलेच नाही. ज्यांनी ‘किरण’साठी रेघा मारल्या ती माणसे निवृत्त झाली आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीत कुणी शिष्य बसलेला नव्हता. गवयाचे घराणे एका पिढीचा रियाज बंद पडला तरी संपते, आणि हे तर विमान! पुस्तकात सूत्र सापडते, पण शेपूट वीतभर मागे घ्यावे की नाही याची जाण हातातून हातात जाते. वैमानिकांची मधली पायरी आपण गाळली ती निदान पैसे टाकून परदेशातून आणता आली. आराखड्याची गाळलेली पायरी कुठल्या बाजारात मिळते?

ती पुन्हा बांधता येते याचा एक दाखला अलीकडे मिळाला. ‘एचटीटी-४०’ हे पंख्याचे प्रशिक्षण विमान हिंदुस्तान एरोनॉटिक्सने स्वतःचे पैसे घालून केले. हवाई दलाला सुरुवातीला ते नकोच होते, आणखी ‘पिलाटस’ हवी होती. तरीही मंडळींनी काम सोडले नाही. ३१ मे २०१६ ला ते उडाले, गिरकीच्या चाचण्या त्याने पार केल्या आणि मार्च २०२३ मध्ये ७० विमानांची मागणी नोंदवली गेली. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकला त्याच्या बांधणीची दुसरी शाखा सुरू झाली. इंजिन अजून अमेरिकी आहे, पण आराखडा आपला. १९५१ साली घाटगे जिथे उभे होते, त्या पायरीवर आपण पुन्हा आलो आहोत एवढाच याचा अर्थ, आणि मी तो छोटा मानत नाही. मात्र हे करणाऱ्या मुलांना उद्या पुढचे जेट आखायला दिले नाही आणि त्यांचीही तिशी-चाळिशी फायली पाहण्यात गेली, तर २०५० साली आपले नातू असाच लेख वाचतील.

सांगली आणि साताऱ्याच्या खासदारांना माझे एक मागणे आहे. निवडणुकीत यशवंतरावांचे नाव दोन्हीकडे सगळेच घेतात. त्यांनी सांभाळलेल्या खात्याला पुढच्या अधिवेशनात दोन प्रश्न विचारा: ‘किरण’च्या जागी छात्रांच्या हाती कोणते जेट, किती आणि कोणत्या वर्षी येणार? आणि ‘एचटीटी-४०’ आखणाऱ्या चमूकडे आज कोणते नवे काम आहे? लेखी उत्तर मिळाले की ते याच पुरवणीकडे पाठवा. खानापूर तालुक्यातल्या त्या म्हाताऱ्याला वाचून दाखवायला मी स्वतः जाईन. त्याचा नातू यंदा सैनिक स्कूलच्या प्रवेशपरीक्षेला बसतो आहे.